न कापता पाहण्याची किंमत

शरीराच्या आत पाहावयाचे तर ते कापावे लागते, ही जीवशास्त्राची फार जुनी अट होय. अ‍ॅरिस्टॉटलने कोंबडीच्या अंड्याचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, ते उबवणीला ठेवलेली अंडी क्रमाने फोडून पाहिल्यावाचून लिहिता आले नसते. तीन दिवस आणि तीन रात्री लोटल्यावर पांढऱ्या बलकात हृदय रक्ताच्या ठिपक्यासारखे दिसते आणि हलते, अशी त्याची नोंद आहे. त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विल्हेल्म हिस या शरीररचनाशास्त्रज्ञाने मायक्रोटोम नावाच्या यंत्राने भ्रूणाचे अतिशय पातळ काप काढले, एकेक काप कागदावर उतरवला आणि त्यांवरून भ्रूणाच्या प्रतिकृती घडविल्या. पद्धत सुधारली, परंतु अट तीच राहिली. फोडलेल्या अंड्यातील पिल्लू उद्या कसे दिसले असते, हे कधीच कळत नाही. त्यासाठी दुसरे अंडे फोडावे लागते, आणि त्यातले पिल्लू दुसरेच असते.

गेल्या तीन-साडेतीन दशकांत ही अट प्रकाशाने बरीच सैल केली आहे. क्ष-किरणांनी काढलेला सीटी स्कॅन आता तालुक्याच्या गावीही परिचयाचा झाला आहे. त्याच जातीचे, पण साध्या अथवा अवरक्त प्रकाशाने केलेले छेदचित्रण आज माशाच्या, कोंबडीच्या आणि उंदराच्या भ्रूणांवर, डोळ्याच्या पडद्यावर, मेंदूच्या तुकड्यांवर आणि काही मर्यादेत तान्ह्या बाळाच्या मेंदूवरही चालते. टोमोग्राफी या शब्दातील ‘टोमोस’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच काप असा आहे. येथे तो काप सुरीऐवजी गणित काढते, एवढेच.

विज्ञानाच्या सदरात शोभावा असा हा विषय अर्थशास्त्राच्या अध्यापकाने का हाती घ्यावा, असे वाचकाला वाटेल. त्याचे कारण असे की, या साधनांच्या इतिहासात पैसा कोणी घातला, वाट कोणी पाहिली आणि लाभ कोणाच्या पदरात पडला, याचा हिशेब बऱ्याच अंशी उपलब्ध आहे. आणि तो हिशेब आपल्याकडील विज्ञानविषयक खर्चाच्या रीतीवर नेमके बोट ठेवतो. ही साधने आपण केवळ विकत घेत राहणार की घडवू, जोडू आणि दुरुस्त करू शकणार, यावर आपल्याच मुलांच्या मेंदूविषयीचे काही प्रश्न विचारले जाणार की नाहीत, हे अवलंबून आहे.

आधी अडचण काय होती ते पाहू. मेंदू अपारदर्शक का दिसतो? तो प्रकाश गिळून टाकतो म्हणून नव्हे. बहुतांशी तो प्रकाश इतस्ततः फेकतो म्हणून. पेशींच्या आवरणांतील स्निग्ध द्रव्य आणि त्यांच्या आतबाहेरचे पाणी यांतून प्रकाश वेगवेगळ्या गतीने जातो; असे लक्षावधी कंगोरे ओलांडताना किरण दिशा बदलत राहतात आणि प्रतिमेचा चुराडा होतो. दूध पांढरे दिसते ते याच कारणाने. भजी बांधून दिलेल्या वर्तमानपत्राच्या कागदावर तेलाचा डाग पडला की त्यातून पलीकडची अक्षरे दिसू लागतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कागदाच्या तंतूंमधील हवेची जागा तेलाने घेतलेली असते आणि तेल व तंतू यांतील तफावत कमी असल्याने किरणांची पांगापांग थांबते. वेर्नर श्पाल्टेहोल्त्स या जर्मन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी हाच न्याय अवयवांना लावून ते तेलकट द्रवात भिजवून पारदर्शक केले. २०१३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात कार्ल डायसेरोथ यांच्या प्रयोगशाळेने याच्या पुढची पायरी गाठली. त्यांनी उंदराच्या मेंदूत जेलीची जाळी विणून बाकीची रचना जागच्या जागी धरून ठेवली आणि स्निग्ध द्रव्य तेवढे साबणासारख्या रसायनाने धुऊन काढले. अख्खा मेंदू काचेसारखा झाला. २०२४ साली त्याच विद्यापीठातील संशोधकांनी टार्ट्राझीन हा खाद्यपदार्थांत वापरला जाणारा पिवळा रंग जिवंत उंदराच्या कातडीवर चोळून ती काही काळ पारदर्शक करून दाखविली. रंग धुतला की कातडी पूर्ववत. हा प्रयोग माणसावर झालेला नाही, तेव्हा फरसाणाच्या रंगाविषयी कोणी भलत्या आशा बाळगू नयेत!

मेंदू अथवा भ्रूण पारदर्शक करता येत नसेल, तर दुसरी वाट प्रतिध्वनीची. सोनोग्राफीत ध्वनीचा प्रतिध्वनी किती वेळाने परतला यावरून खोली कळते. प्रकाशालाही हाच न्याय लावता आला असता. परंतु प्रकाशाला एक मिलिमीटर जायला सेकंदाच्या लाख कोटी भागांपैकी तीन-साडेतीन भाग पुरतात, आणि इतके सूक्ष्म अंतर कोणत्याही साध्या इलेक्ट्रॉनिक घड्याळाला मोजता येत नाही. तोड अशी निघाली की, प्रकाशाचे दोन भाग करावेत, एक ऊतीत आणि दुसरा आरशाकडे पाठवावा आणि परतल्यावर दोघांची गाठ घालून द्यावी. दोघांनी तोललेले अंतर समान असेल तेव्हाच त्यांच्या लहरी एकमेकींशी जुळतात. म्हणजे घड्याळाचे काम आरशाची जागा करते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत (आपल्या परिचयाची एमआयटी) जेम्स फुजिमोटो हे प्राध्यापक, डेव्हिड हुआंग हा त्यांचा वैद्यकाचा विद्यार्थी आणि उपग्रहांमधील प्रकाशीय संदेशवहनावर काम करणारे एरिक स्वॉन्सन हे अभियंते यांनी सहकाऱ्यांसह १९९१ साली या पद्धतीने काढलेली चित्रे प्रसिद्ध केली. ऑप्टिकल कोहीरन्स टोमोग्राफी, म्हणजेच ओसीटी, ती हीच. मधुमेही नातेवाइकांना घेऊन नेत्रतज्ज्ञाकडे गेलेल्या बहुतेकांच्या हाती डोळ्याच्या पडद्याचे ते रंगीत थर दाखविणारे चित्र कधी ना कधी पडले असेल. अपारदर्शक ऊतीत ही दृष्टी दीड-दोन मिलिमीटरच जाते. परंतु बेडकाच्या भ्रूणाला तेवढी खोली पुरते. त्याच प्रयोगशाळेतील संशोधकांनी नव्वदच्या दशकात बेडकाच्या वाढत्या भ्रूणांतील मज्जासंस्था आणि धडधडते हृदय यांची चित्रे त्या भ्रूणांना हातही न लावता घेतली.

मेंदूच्या बाबतीत दीड मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण येथे एक युक्ती योजतात. मेंदूच्या तुकड्याच्या पृष्ठभागाखालचे चित्र आधी घ्यायचे, मग वरचा थर कापून काढायचा आणि पुन्हा खालचे चित्र घ्यायचे. कापताना थर वेडावाकडा झाला तरी बिघडत नाही, कारण त्याची प्रतिमा कापण्यापूर्वीच हाती आलेली असते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोस्टन आणि फ्लॉरेन्स येथील संशोधकांनी माणसाच्या मेंदूतील ब्रोका क्षेत्राचा पेशींच्या पातळीपर्यंतचा नकाशा सिद्ध केला, तो एमआरआय, ओसीटी आणि प्रकाशाच्या पातळ पडद्याने चालणारी सूक्ष्मदर्शी या तिन्हींच्या संयोगाने. ज्या पॉल ब्रोकाचे नाव वाणीच्या या केंद्राला मिळाले, त्याने १८६१ साली आपल्या बोलू न शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू मुद्दाम न कापता पॅरिसमध्ये जतन करून ठेवला होता. पुढे जवळजवळ सव्वाशे-दीडशे वर्षांनी स्कॅनरने त्याच्या आत पाहता आले. संयमाचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आता हिशेबाकडे वळतो. ओसीटीचे पहिले यंत्र झाइस कंपनीने १९९६ साली बाजारात आणले, आणि पहिली काही वर्षे त्याची विक्री निराशाजनक होती. २००२ साली तिसऱ्या पिढीचे यंत्र आले तेव्हा कोठे गाडी रुळावर आली. शोध आणि बाजार यांत अकरा वर्षे गेली. एवढा काळ खाजगी भांडवल सहसा थांबत नाही. थांबले ते सार्वजनिक भांडवल. म्हातारपणी दृष्टिपटलात रक्तवाहिन्या माजून होणाऱ्या अंधत्वावर डोळ्यात इंजेक्शन देतात. पूर्वी ते ठरावीक मुदतीने दिले जाई. ओसीटी आल्यावर पडद्याला सूज आहे की नाही हे पाहून, गरजेपुरते देता येऊ लागले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे या एकाच उपयोगामुळे २००८ ते २०१५ या काळात अमेरिकेच्या मेडिकेअर या वृद्धांच्या सरकारी विमा योजनेचे सुमारे ९०० कोटी डॉलर आणि रुग्णांच्या खिशातील आणखी सुमारे २२० कोटी डॉलर वाचले. ओसीटीच्या संशोधनावर तेथील दोन प्रमुख सरकारी संस्थांनी केलेला खर्च सुमारे ४० कोटी डॉलरचा. अभ्यासाच्या लेखकांत या तंत्राचे काही जनकही आहेत, तेव्हा आकड्यांकडे थोड्या सावधपणे पाहावे, हे मी मान्य करतो. परंतु त्यातले निम्मे आकडे खोटे ठरविले तरी कोणत्याही धरण-प्रकल्पाला हेवा वाटावा असे हे लाभ-व्यय गुणोत्तर आहे. आणि १९९१ साली कोणा लेखापालाने ‘या खर्चाची फलनिष्पत्ती काय?’ असा शेरा मारला असता, तर उत्तर देणे कोणालाच शक्य नव्हते. उपग्रहांमधील संदेशवहनासाठी नेमलेला अभियंता डोळ्याच्या पडद्यात कशासाठी लक्ष घालतो, हा प्रश्न तर आपल्याकडे पहिल्या लेखापरीक्षणातच आला असता.

मात्र सरकारने पैसा घातला आणि देशाला लाभ झाला, इतके हे सरळही नाही. सीटी स्कॅनचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. त्याचा जनक गॉडफ्री हाउन्सफील्ड हा ब्रिटनमधील ईएमआय या कंपनीत होता. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या उपनगरातील रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र निघाले. ही कंपनी ध्वनिमुद्रिका काढणारी असल्यामुळे ‘बीटल्स’च्या गाण्यांच्या पैशातून स्कॅनर जन्माला आला, अशी एक गोष्ट जगभर सांगितली जाते. ती ऐकायला गोड आहे. पण विकासाच्या खर्चाचा मोठा वाटा ब्रिटिश सरकारच्या आरोग्य खात्याने उचलला होता. १९७९ साली हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ईएमआय डबघाईस येऊन थॉर्न कंपनीच्या ताब्यात गेली आणि पुढच्याच वर्षी स्कॅनरचा व्यवसाय अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडे गेला. शोध तिचा, पण रुग्णालयांना यंत्रे पुरविणारी, ती जागच्या जागी दुरुस्त करणारी, माणसे शिकवून तयार करणारी व्यवस्था दुसऱ्यांची. नवोपक्रमाच्या अर्थशास्त्रावर डेव्हिड टीस यांचा १९८६ चा जो निबंध प्रसिद्ध आहे, त्यात याच प्रकरणाचा दाखला आहे. शोध लावणे आणि त्याभोवतीचे कारागिरीचे जाळे उभे करणे ही दोन निराळी कामे आहेत. दुसऱ्याविना पहिल्याचे पीक शेजाऱ्याच्या खळ्यात जाते.

या सिद्धांताचे याहून जवळचे उदाहरण आपल्या घरात आहे. अनेक दिशांनी घेतलेल्या सावल्यांवरून मूळ वस्तू कशी उभी करावी, याचे गणित योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने १९१७ साली मांडले. ते संगणकाला सोसेल अशा सुटसुटीत रूपात आणण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांचे नाव अग्रभागी आहे. खगोलशास्त्रातील मंडळींनी असाच विचार चार वर्षे आधी स्वतंत्रपणे केला होता, हेही सांगितले पाहिजे. परंतु १९७१ साली अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या दोघांच्या निबंधातील रीत इतकी रुळली की, छेदचित्रणाच्या पाठ्यपुस्तकांत ‘राम-लाक’ गाळणी हा शब्द आजही जगभर शिकविला जातो. कोलॅजेनच्या तिहेरी पेडाची रचना मद्रासमध्ये उलगडणारे तेच हे रामचंद्रन.

२००२ साली एडिंबरो येथे जेम्स शार्प आणि सहकाऱ्यांनी प्रकाशाच्या प्रक्षेपणाने चालणारी टोमोग्राफी, म्हणजे ओपीटी, प्रसिद्ध केली. उंदराचा काही मिलिमीटरचा भ्रूण तेलकट द्रवात भिजवून पारदर्शक करायचा, किंचित किंचित फिरवीत पूर्ण फेऱ्यात त्याच्या चारशे सावल्या टिपायच्या आणि त्यांवरून तो संगणकात उभा करायचा. भ्रूणाच्या कोणत्या भागात कोणते जनुक कार्यरत आहे, हे रंगवून त्रिमितीत दाखविता येऊ लागले. या उभारणीत तीच सावल्या उलट फेकण्याची रीत आहे. आपल्याकडे हे यंत्र आणायचे, तर परदेशी चलन मोजून त्या पेटीत आपलेच गणितही परत विकत आणायचे, असा प्रकार होतो. यात कोणी आपले लुटले असे मी म्हणत नाही. गणित सर्वांचे असते आणि तसेच असावे. पण बंगलोरच्या त्या खोलीशेजारी भिंगे घासणारा, मोटार बसविणारा, यंत्र जोडून पाहणारा कारखाना नव्हता, एवढे मात्र खरे.

आणखी एक योग. भ्रूणाच्या प्रकाशचित्रणात ज्या प्राण्याने सर्वांत अधिक सेवा केली, तो झेब्रा मासा गंगेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टन या कंपनी सरकारच्या नोकरीतील वैद्याने गंगेतील माशांवरील आपल्या १८२२ च्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. भाताच्या खाचरांत आणि ओढ्यांत सापडणारा हा बोटाच्या पेराएवढा मासा. त्याची अंडी शरीराबाहेर वाढतात आणि भ्रूण जन्मतःच पारदर्शक असतो, जेलीची जाळी अथवा तेलाचा डाग काहीच लागत नाही. १९८१ मध्ये अमेरिकेच्या ओरेगॉन विद्यापीठातील जॉर्ज स्ट्रायसिंगर यांच्या निबंधाने त्याला प्रयोगशाळेत प्रतिष्ठा दिली. २००४ साली हायडेलबर्ग येथे अर्न्स्ट श्टेल्त्सर यांच्या गटाने प्रकाशाचा कागदासारखा पातळ पडदा भ्रूणातून आडवा सरकवीत नेऊन एका वेळी एकाच पातळीवर प्रकाश पाडण्याचे तंत्र प्रसिद्ध केले. सगळा भ्रूण उजळून टाकला तर तो प्रकाशानेच होरपळतो. पडद्याने तसे होत नाही. २००८ साली याच पद्धतीने झेब्रा माशाच्या भ्रूणाचे पहिले चोवीस तास, त्यातील पेशींची केंद्रे एकेक करून मागोवा घेत, नोंदविले गेले. अ‍ॅरिस्टॉटलचे अंडे न फोडता उद्याचेही पिल्लू पाहता आले, असे म्हणावयास हरकत नाही.

आमच्या वाचकांत विज्ञानाचे विद्यार्थी असतील, तर त्यांना यातील पुढची घटना अधिक महत्त्वाची वाटावी. प्रकाशपडद्याची तयार सूक्ष्मदर्शी कोटींच्या घरात जाते. २०१३ साली ड्रेस्डेन येथील माक्स प्लांक संस्थेतील मंडळींनी ओपनस्पिम या नावाने तिचा आराखडा, भागांची यादी आणि जोडणीची कृती सर्वांसाठी खुली केली. चित्रे वाचण्याचे इमेज-जे हे संगणकीय साधन तर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने आधीच विनामूल्य दिलेले आहे. आराखडा खुला केल्याने यंत्र फुकट होत नाही. लेसर, कॅमेरा आणि भिंगे विकतच घ्यावी लागतात. मात्र त्यामुळे यंत्राची किंमत सामानाच्या किमतीपर्यंत खाली येते आणि बाकीची किंमत जोडणाऱ्याच्या हातात राहते. अर्थशास्त्राच्या भाषेत आराखडा ही सार्वजनिक वस्तू होते. कौशल्य मात्र खाजगी आणि दुर्मिळच राहते. आपल्याकडे टंचाई आहे ती या दुसऱ्याची.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे, आणि तो हलका नाही. ज्या देशात प्राथमिक आरोग्य केंद्रात साध्या तपासण्यांची मारामार आहे, त्याने माशाच्या भ्रूणांचे चित्रण करणारी यंत्रे घडवावी कशाला? ज्याला जे स्वस्तात जमते ते त्याने करावे आणि बाकीचे विकत घ्यावे, हे तर आम्हीच वर्गात शिकवितो. जर्मनीने भिंगे घासावीत, आम्ही संगणकाची कामे करावीत. कापूस आणि कापडाच्या बाबतीत हा युक्तिवाद काय करून गेला, हे आपल्या गिरणगावाच्या जन्माआधीच्या इतिहासात वाचावयास मिळते. पण तो मुद्दा बाजूला ठेवू. मोजण्याचे साधन आणि कापड यांत एक मूलभूत भेद आहे. कापड कोणीही विणले तरी ते आपल्या अंगाला बसते. मोजण्याचे साधन ज्याने घडविले, त्याच्या अंगाला ते बसविलेले असते.

ही अलंकारिक भाषा नाही. बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारा ऑक्सिमीटर २०२० आणि २०२१ च्या साथीत घरोघरी पोहोचला. त्वचेतून दोन प्रकारचा प्रकाश पाठवून रक्ताचा रंग ओळखणे, हे त्याचे तत्त्व. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासाने दाखविले की, कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत प्राणवायूची घातक घट या यंत्राच्या नजरेतून निसटण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होते. त्वचेतील रंगद्रव्य प्रकाश शोषते आणि यंत्राची जुळणी प्रामुख्याने गोऱ्या त्वचेवर झालेली होती. आता हाच प्रकाश बाळाच्या मेंदूकडे वळवा. १९७७ साली फ्रान्स योब्सिस या शास्त्रज्ञाने दाखवून दिले होते की, अवरक्ताच्या अलीकडच्या टोकाचा प्रकाश कवटीतून आत शिरून रक्ताच्या बदलांची खबर घेऊन बाहेर येतो. तान्ह्या बाळाची कवटी पातळ आणि डोके लहान, त्यामुळे डोक्याभोवती दिवे आणि ग्राहक बसवलेली टोपी चढवून मेंदूचा कोणता भाग कामात आहे, याचे ढोबळ छेदचित्र काढता येते. हालचाल चालते, आईच्या मांडीवर बसता येते, एमआरआयचे भुयार लागत नाही. काळ्याभोर दाट केसांतून आणि सावळ्या कातडीतून मात्र प्रकाश कमी परततो, आणि आपल्या बहुसंख्य मुलांचे केस नि कातडी तशीच आहेत.

या टोपीचे उपयोग कोणते? गांबियातील केनेबा या खेड्यात ब्रिटिश संशोधकांनी ती नेली, कुपोषणाचा मेंदूच्या वाढीवरील परिणाम पाहण्यासाठी. आपल्याकडे उत्तर प्रदेशातील शिवगढ या ग्रामीण भागात तिचेच साधे रूप वापरून केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. चार महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलांना पडद्यावर रंगीत चौकोन दाखवून, दिसलेली वस्तू क्षणभर लक्षात ठेवताना मेंदू काय करतो ते पाहिले गेले. ज्या घरांत आईचे शिक्षण आणि कुटुंबाचे उत्पन्न कमी होते, त्या घरांतील मुलांच्या मेंदूचे प्रतिसाद दुबळे आढळले. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हा निष्कर्ष फार अस्वस्थ करतो. दारिद्र्य आम्ही उष्मांकांत मोजले, उपभोगखर्चात मोजले, मुलांच्या उंची-वजनात मोजले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पाच वर्षांखालील खुजी राहिलेली मुले देशात ३५.५ टक्के आणि महाराष्ट्रात ३५.२ टक्के होती. उंचीतली तूट पट्टीने कळते. शाळेच्या पायरीवर पाऊल पडण्याआधीच लक्ष आणि स्मरण यांत पडलेली तूट कळायला दुसरी पट्टी हवी, आणि अंगणवाडीत आहार सुरू केल्यावर ती भरते की नाही, कोणत्या वयापर्यंत भरते, हे पाहायला ती पट्टी मेळघाटात आणि धडगावात वर्षानुवर्षे चालली पाहिजे. विजेचा दाब कमीजास्त होणार, धूळ बसणार, टोपीची तार तुटणार. परदेशी कंपनीचा माणूस तेथे यायचा कधी?

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. भ्रूण आणि चित्रण हे दोन शब्द एकत्र आले की, महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात सोनोग्राफी येते आणि तिचा मुलींविरुद्ध झालेला वापर येतो. गर्भलिंगपरीक्षणाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली आपल्याच राज्याने केला. केंद्राचा १९९४ चा. प्रस्तुत लेखातील तंत्रे आईच्या उदरापर्यंत पोहोचत नाहीत. प्रकाश तेवढा खोल जात नाही आणि प्रयोग प्राण्यांच्या भ्रूणांवर चालतात. त्यामुळे ती भीती येथे लागू नाही. मानवी गर्भाच्या मेंदूचा अभ्यास वेगळ्या मार्गाने होतो. मद्रासच्या आयआयटीने डिसेंबर २०२४ मध्ये ‘धरणी’ या नावाने दुसऱ्या तिमाहीतील गर्भांच्या मेंदूंचा ५,१३२ छेदांचा त्रिमिती नकाशा जगाला विनामूल्य उपलब्ध करून दिला. ते काप सुरीनेच काढलेले आहेत. पण ते रंगवून, यंत्राने टिपून, जुळवून देण्याची साखळी येथल्या माणसांनी उभी केली, आणि मला त्यातील हाच भाग महत्त्वाचा वाटतो. हे काम येथे होऊ शकते, याचा तो पुरावा आहे.

मग अडते कोठे? पैशाला तर अडतेच. संशोधनावरील आपला एकूण खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. चीनचा दोन टक्क्यांच्या वर आणि दक्षिण कोरियाचा साडेचार टक्क्यांच्याही वर असतो. श्रीमंत देशही याबाबत चंचल असतात. अमेरिकेने २०१३ साली गाजावाजा करून सुरू केलेल्या मेंदूविषयक योजनेची तरतूद २०२३ मध्ये ६८ कोटी डॉलर होती, ती पुढच्याच वर्षी सुमारे ४० कोटींवर आली. परंतु आहे त्या पैशाची वाटही विचित्र आहे. अनुदान येते ते यंत्र विकत घेण्यासाठी आणि आर्थिक वर्ष संपण्याच्या आत खर्च करण्यासाठी. मार्चअखेर यंत्र येते, पेटी उघडते, उद्घाटन होते. देखभालीचा करार तीन वर्षांचा. चौथ्या वर्षी लेसरचा एक सुटा भाग जळाला की त्यासाठी कोणत्याच शीर्षाखाली तरतूद सापडत नाही. एका महाविद्यालयात मी पाहिलेले एक चांगले सूक्ष्मदर्शक यंत्र दिव्यावाचून कपाटात होते. त्यावर धुळीचे आच्छादन होते आणि जडवस्तू नोंदवहीत मात्र ते ‘सुस्थितीत’ होते. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल केले; कोटेशनाविना खरेदीची मर्यादा एका लाखावरून दोन लाखांवर नेली. पाऊल स्वागतार्ह आहे. तथापि सुधारणा पुन्हा खरेदीचीच झाली. दुरुस्तीची, जोडणीची, घडणीची नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने एके काळी विद्यापीठांतून उपकरण-केंद्रे काढली होती. यंत्रे दुरुस्त करावीत, साधी यंत्रे घडवावीत, विद्यार्थ्यांना हत्यार धरायला शिकवावे, ही कल्पना. ती काळाच्या पुढची होती असे मला वाटते, कारण तेव्हा खुले आराखडे नव्हते, त्रिमिती छपाईची यंत्रे नव्हती, स्वस्त कॅमेरे नव्हते. आज ते सारे आहे. मुंबई, पुणे, नागपूर, संभाजीनगर आणि कोल्हापूर येथील विद्यापीठांत प्रत्येकी एक प्रकाशयंत्रांची कार्यशाळा, तिला यंत्रखरेदीच्या एकूण अनुदानातील ठरावीक हिस्सा देखभालीसाठी राखून ठेवण्याचा नियम, आणि पहिले काम म्हणून एक प्रकाशपडद्याची सूक्ष्मदर्शी व एक बाळाची टोपी स्वतः जोडणे; टोपीची जुळणी सावळ्या कातडीवर आणि दाट केसांवर करून तिची मोजमापे जगाला खुली करणे. आराखडा हाती आहे. ‘राम-लाक’चे गणित पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याला समजावून सांगता येते. भिंगे, आरसे आणि तारा यांत रमणारी मुले आपल्या तंत्रनिकेतनांतून दरवर्षी बाहेर पडतात, आणि त्यांतील बरीच विमा किंवा बँकेच्या परीक्षेला बसतात. अशा एका मुलाला विद्यापीठात कोणत्या पदनामाने, कोणत्या वेतनश्रेणीत आणि किती वर्षांच्या नेमणुकीवर घ्यावयाचे, हे आकृतिबंध ठरविणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी सांगावे. यंत्राची किंमत त्यानंतर काढू.